उपचार आणि जागरण
स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांची झोप बिघडते, हे त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी नेहमीच पाहिले असणार. वैद्यकाने मात्र ही झोप मोजायला घेतली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. तोवर जवळजवळ प्रत्येक नव्या उपचाराने जागे राहण्याचे एकेक नवे कारण पुरवले होते.

बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. पुढे हात सुजून दुखू लागला, की त्या कुशीवर वळणेही अवघड. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६मध्ये दाखवले, की अंडाशय काढल्यास काही जणींचा हाताबाहेर गेलेला आजारही मागे हटतो. पण त्यामुळे पाळी अकाली जाते, रात्री अंगातून वाफा निघतात आणि घामाने जाग येते. टॅमॉक्सिफेन ही गोळी ब्रिटनमध्ये १९७३पासून आणि अमेरिकेत १९७७पासून मिळू लागली. तिने अंडाशयातून येणाऱ्या संप्रेरकाला शस्त्रक्रियेवाचून अडवले खरे, पण वाफा काही टळल्या नाहीत. मिलानच्या बोनाडोना यांच्या १९७६च्या अभ्यासानंतर शस्त्रक्रियेपाठोपाठ केमोथेरपी देणे रूढ होत गेले. तिच्या उलट्या आवरण्यासाठी डेक्सामेथासोन आले, आणि हे स्टिरॉइड स्वतःच झोप उडवणारे. म्हणून ते शक्यतो सकाळी देतात.

तरीही निद्रानाश ही वेगळी तक्रार मानली जात नसे. एवढा मोठा आजार झाल्यावर झोप लागणार कशी, या बोलण्यात सहानुभूती होती, पण पुढची चौकशी त्यानेच खुंटवली. झोपेची गोळी लिहून दिली की विषय संपे.

पिट्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८९मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या महिन्यातल्या झोपेविषयी रुग्णाने स्वतः उत्तरे द्यायचे १९ प्रश्न, ० ते २१ गुण. पाचापेक्षा अधिक गुण म्हणजे झोप बिघडलेली. ती स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांनाही लागू पडते का, हे १९९८मध्ये तपासले गेले. हालचाल नोंदवणारे, मनगटावर बांधायचे यंत्रही एव्हाना हाताशी होते.

ते वापरून सोनिया अँकोली-इझ्राएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन डिएगोत ८५ स्त्रियांची ७२ तासांची नोंद घेतली. २००६मध्ये ती प्रसिद्ध झाली. केमोथेरपी अजून सुरू व्हायची होती. तरीही रात्रीची झोप सुमारे सहा तासांचीच होती, ती मोडकी असल्याचे स्त्रिया सांगत होत्या, आणि दिवसा तासाभराहून अधिक डुलकी होती. सगळा दोष औषधांवर टाकणे त्यानंतर कठीण झाले.

उपायांचे बरेच काम क्वेबेकमध्ये झाले. जोझे सावार आणि चार्ल्स मोरॅं यांनी २००१च्या आढाव्यात या प्रश्नाला दुर्लक्षित म्हटले. सावार यांच्या गटाने २००५मध्ये ५७ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. उपचार संपवलेल्या या स्त्रियांना शिकवले ते असे: झोप येईल तेव्हाच अंथरुणावर पडायचे, जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे, सकाळी ठरल्या वेळी उठायचे. आजारी बाईला घरोघरी मिळणाऱ्या ‘पडून राहा’ या सल्ल्याच्या हे अगदी उलट. तरीही त्यांची झोप सुधारली. पुढे २०१२मध्ये अँकोली-इझ्राएल यांच्या गटाने केमोथेरपी चालू असलेल्या ३९ स्त्रियांना थकव्यावर उपाय म्हणून रोज सकाळी अर्धा तास दिव्यासमोर बसवले. मंद लाल दिवा मिळालेल्या गटाचा थकवा वाढला. प्रखर पांढरा मिळालेल्यांचा वाढला नाही.