ड्रॅग (मासेमारीचे रीळ)

ड्रॅग ही गळाने मासेमारी करताना वापरल्या जाणाऱ्या रिळातील घर्षणावर चालणारी नियंत्रक यंत्रणा होय. गळाला लागलेल्या माशाने ठरावीक मर्यादेपलीकडे जोर लावला, की ड्रॅगमुळे रिळाची फिरकी मागे घसरते आणि तंगूस तुटण्याऐवजी सुटत जातो. मराठीत यास ताणरोधक म्हणता येईल. तथापि हौशी मासेमारांत ड्रॅग हाच शब्द रूढ आहे. हा भाग घरच्या घरी उघडून स्वच्छ करता येतो व त्यातील चकत्याही बदलता येतात.

रचना व कार्य

ड्रॅगमध्ये धातूच्या व घर्षणद्रव्याच्या चकत्या आलटून पालटून रचलेल्या असतात. धातूच्या काही चकत्या दांड्याशी, तर काही दातेरी चाकाशी किंवा फिरकीशी अडकवलेल्या असतात. चाकी किंवा कळ आवळली की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. स्कूटरच्या अनेक पट्ट्यांच्या क्लचमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते. आडव्या फिरकीच्या रिळात ही रचना मुख्य दातेरी चाकाच्या पोकळीत, तर स्पिनिंग रिळात बहुधा फिरकीच्या माथ्यावर असते.

चकती मोठ्या क्षेत्रफळाची असली म्हणजे घर्षण वाढते, हा समज बरोबर नाही. ड्रॅगचा जोर दाब, घर्षणपृष्ठांची संख्या, त्यांची सरासरी त्रिज्या व द्रव्याचा घर्षणांक यांवर ठरतो. क्षेत्रफळाचा उपयोग मुख्यतः उष्णता पसरवण्यास होतो. ही उष्णता थोडी नसते: 5 किलोच्या ड्रॅगवर मासा सेकंदाला 2 मीटर वेगाने पळाला, तर चकत्यांमध्ये जवळजवळ 100 वॅट उष्णता निर्माण होते.

स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. चांगल्या व वाईट ड्रॅगमधील खरा फरक येथेच कळतो. चकत्या चिकटलेल्या असतील, तर घसर सुरू होण्यास जादा जोर लागतो, मग फिरकी एकदम सुटते, पुन्हा अडते. पुष्कळदा तंगूस तुटतो तो माशाच्या वजनाने नव्हे, तर या हिसक्याने.

इतिहास

जुन्या रिळांत मासा पळू लागला की मूठही उलटी फिरे. बोटे सोलवटून निघत. फिरकीला आवर घालण्यासाठी चामड्याची गादी अंगठ्याने दाबावी लागे. 1913 च्या सुमारास अमेरिकेत विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून ज्युलियस फॉम होफ यांनी बनवलेल्या समुद्री रिळात, मुठीजवळच्या चांदणीच्या आकाराच्या चाकीने आवळता येणारा ड्रॅग आला. फिलाडेल्फियात 1932 साली स्थापन झालेल्या पेन कंपनीच्या रिळांमुळे तो सर्वत्र पसरला. चकत्यांसाठी चामडे, नमदा, ॲस्बेस्टॉसयुक्त द्रव्ये, टेफ्लॉन आणि पुढे कार्बन तंतू असा बदल होत गेला.

शहाड परिसरातील वापर

शहाड हे ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीकाठी वसलेले आहे. जवळच मोहने येथे नदीवर बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगास गोडे पाणी असते, तर खाली कल्याणच्या खाडीकडे भरती-ओहोटीचे खारे पाणी. त्यामुळे एकच रीळ एका रविवारी रोहू-कटल्यासाठी नदीवर आणि दुसऱ्या रविवारी जिताड्याच्या आशेने खाडीवर नेले जाते. मिठाचा अंश चकत्यांत उतरतो आणि धातूच्या चकत्यांना आठवड्याभरात तांबेरा धरू शकतो.

दुसरी अडचण जलपर्णीची. उल्हासच्या संथ पाण्यात ती दाट पसरते. मासा तिच्यात शिरू नये म्हणून ड्रॅग पूर्ण आवळून ठेवण्याचा मोह होतो. अशा वेळी तंगूस तुटला, तर मासा तोंडात गळ आणि मागे कित्येक मीटर तंगूस घेऊन जातो आणि तो झाडोऱ्यात अडकून मरतो. पाणपक्ष्यांच्या पायांतही असा तंगूस गुंततो.

घरगुती देखभाल

स्पिनिंग रिळाच्या ड्रॅगला विशेष हत्यारे लागत नाहीत. माथ्यावरची चाकी काढून तारेची कडी चिमट्याने सोडवली, की चकत्या बाहेर येतात. कडी उडून हरवते, म्हणून हे काम पिशवीत हात घालून किंवा पसरलेल्या पांढऱ्या कापडावर करावे. चकत्या निघतील त्याच क्रमाने, त्याच बाजूने मांडून ठेवाव्यात व छायाचित्र काढावे. क्रम चुकून दांड्याशी व फिरकीशी अडकलेल्या दोन धातूच्या चकत्या घर्षणचकतीविना एकमेकींना भिडल्या, तर ड्रॅग अडखळतो. वाटीसारख्या वाकलेल्या स्प्रिंग-चकत्या पाठीला पाठ किंवा तोंडाला तोंड अशा, मूळ जोडणीप्रमाणेच बसवाव्यात.

धातूच्या चकत्या रॉकेलने धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात. तांबेरा असल्यास सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून चकती इंग्रजी आठच्या आकारात फिरवावी. काच सपाट असल्याने वाकलेली जागा लगेच दिसते, कारण तेथे चकाकी येत नाही. वाकलेली चकती ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलणे बरे. नमद्याची चकती दाबून कडक व चकचकीत झाली असेल, तर तेल घालून ती जिवंत होत नाही. ती टाकून द्यावी.

कार्बनच्या चकतीवर ड्रॅगसाठीच्या खास ग्रीसचा हलका थर बोटाने चोळून जादा ग्रीस पुसून घ्यावे. वाहनांच्या बेअरिंगचे ग्रीस येथे चालत नाही. ते तापल्यावर पातळ होते, थंडीत चिकट बनते आणि नेमका सुरुवातीचा हिसका वाढवते. जुन्या रिळातील तपकिरी, दाबीव चकत्या ॲस्बेस्टॉसच्या असू शकतात. त्या कोरड्या घासू नयेत. ओल्या करून काढाव्यात.

सुधारणा व तिच्या मर्यादा

नमद्याच्या किंवा जुन्या दाबीव चकत्यांच्या जागी कार्बनच्या चकत्या बसवणे, ही सर्वांत प्रचलित सुधारणा आहे. मूळ चकतीचा बाह्य व्यास, आतील छिद्र व जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून त्याच मापाची चकती घ्यावी. पातळ चकत्या वापरून थरांची संख्या वाढवण्याचीही पद्धत आहे. तेवढ्याच दाबाला जास्त जोर मिळतो. पण तो जोर दातेरी चाक, उलट फिरण्यास अडवणारी खिट्टी व दांडा यांना पेलावा लागतो. चार किलोच्या ड्रॅगसाठी घडवलेल्या रिळातून दहा किलो काढू गेल्यास प्रथम दाते झिजतात. रोहू-कटल्यासाठी सुस्थितीतील नमदा पुरेसा असतो. स्वस्त रिळाचा दांडा ताणाखाली वाकत असेल, तर महाग चकत्यांवरचा खर्च वाया जातो.

पितळी किंवा पोलादी चकत्या लेथवर करून घेता येतात, आणि लहान कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले उल्हासनगर शहाडला लागूनच आहे. मात्र इंजिनाच्या गॅस्केटचा कागद कापून घर्षणचकत्या बनवण्याचा जुगाड टाळावा. त्या कागदात ॲस्बेस्टॉस असू शकते.

मोजणी

जुळणी झाल्यावर ड्रॅग हाताच्या अंदाजावर सोडू नये. तंगूस काठीच्या कड्यांतून ओवून शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा टोकाला बांधावा आणि काठी उचललेली ठेवून सावकाश ओढावे. नेहमीच्या तंगुसासाठी त्याच्या क्षमतेचा चौथा ते तिसरा हिस्सा इतका ताण ठेवतात. 8 किलोच्या तंगुसाला सुमारे 2 ते 2.6 किलो. घसर सुरू होतानाचा आकडा आणि घसर चालू असतानाचा आकडा दोन्ही पाहावेत. त्यांत मोठे अंतर पडले, तर ड्रॅग पुन्हा उघडावा.

तंगूस सुटत गेला की फिरकीवरील त्रिज्या कमी होते व तोच ड्रॅग जड लागतो. त्रिज्या 3 सेंटीमीटरची 2 झाली, तर 2.5 किलोचा ताण 3.75 किलो होतो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या तंगुसाचा भार वेगळाच. म्हणून मासा लांब गेल्यावर ड्रॅग आवळणे ही नवशिक्याची नेहमीची चूक ठरते. त्या वेळी तो किंचित सैल करावा लागतो.

साठवण

खाडीवरून परतल्यावर चाकी हलकी आवळून रीळ गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धरावे, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकलले जाते. पुसून वाळवल्यानंतर ड्रॅग पूर्ण सैल करावा. आवळलेल्या स्थितीत पावसाळाभर कपाटात राहिलेल्या रिळातील नमदा चेपतो, दमट हवेत धातूला चिकटतो, आणि पुढच्या हंगामात पहिल्याच माशाला घसर मिळत नाही.