वाकडा पडदा

परवा भवानी पेठेत मामांकडे गेलो होतो. मामेभावाने सहा महिने पैसे साठवून 34 इंची कर्व्ह्ड गेमिंग मॉनिटर घेतलाय, त्यातल्या त्यात स्वस्तातला. मामांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वाकडाच दिलाय की रे!"

भावाचं दुःख वेगळंच होतं. खोक्यावर 144 हर्ट्झ छापलेलं, पण सेटिंग 100 च्या पुढे जाईना. "फसलो ना दादा?"

आता हे वाकडेपण मॉनिटरवाल्यांचं नाही बरं का. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये सिनेरामा आला. खोल वळलेला पडदा आणि त्यावर तीन प्रोजेक्टर. पडद्याच्या एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकावर सांडू नये म्हणून तो शेकडो उभ्या पट्ट्यांचा केलेला, मागावरच्या ताण्यासारखा. झकास दिसायचं, फक्त तीन चित्रांचे सांधे लपायचे नाहीत. पुढच्याच वर्षी सिनेमास्कोपने एकाच प्रोजेक्टरवर, लेन्सच्या जोरावर रुंद चित्र दाखवलं. आपल्याकडे ते 1959 मध्ये गुरुदत्तच्या 'कागज के फूल'मध्ये आलं. आजच्या अल्ट्रावाइडचा 21:9 आकार जवळजवळ तोच.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरवाले पुन्हा त्याच खड्ड्यात पडले. 2008 मध्ये एलियनवेअरने 2880×900 चा वळलेला मॉनिटर दाखवला, तोही चार तुकडे जोडून. सांधे तिथेही दिसत होते! सलग वळलेले 34 इंची पॅनेल 2014 च्या सुमारास बाजारात आले.

म्हणजे पडद्यावरचा सांधा गेला. मग भावाचं घोडं अडलं कुठे? मागे, केबलपाशी.

हिशोब सोपा आहे. 3440×1440 म्हणजे साडेएकोणपन्नास लाख ठिपके. प्रत्येकाला 24 बिट, सेकंदाला 144 वेळा: सुमारे 17 अब्ज बिट. एचडीएमआय 2.0 मधून चित्रासाठी मिळतात 14.4 अब्ज. 100 हर्ट्झला 12 पुरतात, म्हणून गाडी तिथे थांबते. शेजारच्याच डिस्प्लेपोर्ट 1.4 मधून जवळपास 26 अब्ज जातात. स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही पोर्ट असतात, पण या खोक्यात केबल एचडीएमआयचीच निघाली. मला विचाराल तर 144 च्या आकड्याखाली पोर्टचं नावही छापायला हवं.

संध्याकाळी डिस्प्लेपोर्टची केबल आणली, सेटिंग बदललं, 144 दिसले. केबलचे पैसे मामांनी दिले.