तवक्कुलची शिदोरी

हजला निघालेल्या माणसाच्या तोंडून आपण एक वाक्य हमखास ऐकतो: आता सगळे अल्लाहच्या हवाली. तो हे वाक्य कधी बोलतो, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तोवर पैसे भरून झालेले असतात, देणी फेडलेली असतात, मुलांना वसियत सांगितलेली असते, शेजारीपाजारी, भाऊबंद सर्वांकडून ‘कहा-सुना माफ’ करून घेतलेले असते. औषधाच्या गोळ्यासुद्धा दिवसांच्या हिशेबाने बांधून घेतलेल्या असतात. तवक्कुल म्हणजे हातपाय न हलवता बसून राहणे, असा एक सैल अर्थ आपल्याकडे रुळला आहे. तो या माणसाच्या वागण्यात कुठेच बसत नाही. हजच्या इतिहासात तो अर्थ जिथे डोकावला, तिथे त्याला खुद्द कुरआनने हटकले आहे.

हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. यमनचे लोक हजला येताना वाटेची शिदोरी घेत नसत. आम्ही तवक्कुल करणारी माणसे, असे ते म्हणत आणि मक्केत पोचले की लोकांपुढे हात पसरत. या संदर्भात सूरह बकरामधली १९७वी आयत उतरली. तिच्यात शिदोरी बरोबर घेण्याचा हुकूम आहे आणि सर्वांत उत्तम शिदोरी तकवा, ही आठवणही आहे. आपले वाइज दुसऱ्या भागावर तासभर बोलतात. भाकरी-पाण्याचा पहिला भाग घाईने उरकतात. यमनी हाजींनी आपला भार अल्लाहवर टाकला असे म्हटले खरे, पण तो पडला मक्केकरांच्या चुलीवर.

उंट बांधण्याची हदीस सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून ती बाजूला ठेवू. इसवी सन ६२२ची हिजरत त्याहून जास्त शिकवते. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोन सांडण्या चार महिने आधीपासून दावणीला चारा घालून तयार ठेवल्या होत्या. मदिना उत्तरेला; पण निघायचे ठरले दक्षिणेकडच्या सौर डोंगराच्या गुहेकडे, पाठलाग करणाऱ्यांना चकवण्यासाठी. बिछान्यावर हजरत अली (रजि.) झोपले. अबू बक्र यांचे चिरंजीव अब्दुल्लाह दिवसभर कुरैशांत वावरून रात्री बातमी आणत. आमिर बिन फुहैरा संध्याकाळी शेळ्यामेंढ्या त्या बाजूला वळवून दूध पोचवीत. वाटाड्या अब्दुल्लाह बिन उरैकित मुसलमान नव्हता, पण वाटेचा जाणकार आणि शब्दाचा पक्का होता. तीन रात्रींनी सांडण्या घेऊन यायचे त्याच्याशी ठरलेले होते. आणि शिदोरी? ती बांधायला दोरी मिळेना, तेव्हा हजरत अस्मा (रजि.) यांनी आपला कमरपट्टा फाडून दोन केले. इस्लामच्या इतिहासात एका स्त्रीला शिदोरी बांधण्यावरून किताब मिळाला आहे, ही गोष्ट आपण आपल्या मुलींना पुरेशी सांगत नाही.

एवढे सारे करून शत्रू गुहेच्या तोंडाशी आलाच. त्याने नुसते आपल्या पायांकडे पाहिले असते तरी आतले दोघे दिसले असते. अबू बक्र व्याकूळ झाले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना दुःख न करण्यास सांगितले, अल्लाह आपल्याबरोबर आहे असा धीर दिला, तो या क्षणी. तेव्हा करण्याजोगे काहीच उरले नव्हते.

पुढे हिजरी १८च्या सुमारास, इसवी सन ६३९मध्ये, शामच्या भूमीवर अमवासचा ताऊन, म्हणजे प्लेग, पसरला. हजरत उमर (रजि.) तिकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची बातमी कळली. सल्लामसलत झाली, मते फाटली, आणि उमर यांनी परतायचे ठरवले. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी टोकले: अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांचे उत्तर असे होते की, पळतो ते तकदीरकडून तकदीरकडेच. दरीची एक बाजू हिरवी आणि एक उजाड असेल, तर गुराखी जनावरे कुठेही चारो, ते अल्लाहच्या मर्जीतच आहे, असा दाखला त्यांनी दिला. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी पैगंबरांचा आदेश सांगितला: साथ असेल तिथे जाऊ नका, आणि असाल तिथे साथ आली तर पळून निघू नका. उमर परतले. अबू उबैदा आपल्या सैनिकांत राहिले आणि त्याच साथीत गेले. दोघांत कोणाचा तवक्कुल मोठा, या वादात पडण्याचे कारण नाही. एकाच आदेशाची दोन टोके दोघांनी सांभाळली.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरही आला. दाभोळ, चौल आणि सुरतेहून जहाजे तांबड्या समुद्राकडे जात. सोळाव्या शतकात त्या पाण्यावर पोर्तुगीजांची हुकमत होती आणि त्यांचा परवाना घ्यावा लागे. असा परवाना घेऊन जाणे जायज आहे का, वाट सुरक्षित नसेल तर हज फर्ज राहतो का, अशी चर्चा उलेमांत झाली. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५मध्ये फतेहपूर सिक्रीहून निघाली. परवान्यासाठी सुरतेत तिष्ठली, १५७६मध्ये जहाजात बसली आणि चार हज करून १५८२मध्ये घरी पोचली. बादशहाच्या घरातली बाईसुद्धा आपल्या हजची तारीख ठरवू शकली नाही!

आगबोटी आल्या, १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हाजींचे मोठे बंदर बनली. भाडे उतरले तसे गरीबही निघाले. कित्येकांकडे जाण्यापुरते पैसे असत, येण्याचे नसत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना नशीबवादी ठरवून टाकले. ही निदानाची घाई होती. घरातले किडूकमिडूक विकून, वाटेत मजुरी करून जाणारा माणूस हातावर हात ठेवून बसलेला नव्हता. पण हेही खरे की, हज ऐपत असलेल्यावरच फर्ज आहे, आणि जिद्दाहच्या धक्क्यावर अडकलेल्या हाजीचा भार दुसऱ्यांवर पडतो. यमनच्या लोकांची गोष्ट इथे पुन्हा आठवते. परतीचे तिकीट सक्तीचे करावे की नाही, यावर मुसलमानांतही दुमत होते, कारण त्या सक्तीने गरिबाची वाट बंद होणार होती. अखेर १९२५च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत आवश्यक झाली. समाजाने आपल्या परीने वेगळे उत्तर दिले: क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे त्याचे एक रूप. त्या काळच्या हाजींच्या पेटीत कफनाचे कापडही असे. परतीचे तिकीट आणि कफन एकाच पेटीत ठेवणाऱ्या या माणसांना तवक्कुलवर प्रवचन देण्याची गरज नव्हती.

साथीने मात्र सगळ्यांनाच थांबवले. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७मध्ये हिंदुस्थानातून हजला जाण्यावर बंदी आली. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर विलगीकरणात दिवस काढणे हाजींच्या सवयीचे झाले.

१९९५नंतर बोटीचा हज संपला. आता हज कमिटीकडे अर्ज जातो आणि कुर्रा निघतो. आयुष्यभराची पुंजी जमवूनही नाव सोडतीवर अवलंबून! २०२०मध्ये कोरोना आला. कुर्ऱ्यात नाव लागलेल्यांच्या पेट्या तशाच राहिल्या. दोन लाखांवर अर्जदारांचे पैसे परत झाले. २०२१लाही बाहेरच्या देशांना दार बंदच होते. २०२२मध्ये ते उघडले, पण पासष्टच्या आतल्यांसाठी. ज्यांचे वय मधल्या दोन वर्षांत ती रेषा ओलांडून गेले, त्यांच्यासाठी वयाची अट २०२३मध्ये उठली. त्यांतले जे हयात होते आणि ज्यांचे गुडघे साथ देत होते, त्यांनी पुन्हा अर्ज भरले.