परसातील वेलवांगे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते, तह आणि तलवारी उभ्या राहतात. शाळेत मुलांना तोच इतिहास मी आयुष्यभर शिकविला आणि तो शिकविणे अवश्यही आहे. तथापि मनुष्याच्या इतिहासाचा एक मोठा भाग चुलीपाशी आणि परसात घडत आलेला आहे, आणि त्याची बखर सहसा कोणी लिहीत नाही. आज मी आपल्यापुढे अशाच एका बखरीची काही पाने वाचणार आहे. आमच्या बीड जिल्ह्यात घरामागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर जे एक झाड वाढते, त्या टोमॅटोचा हा इतिहास आहे.

हे झाड मूळचे आपले नव्हे. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पश्चिम अंगास, आजच्या पेरू व इक्वेडोर या देशांत वाढत. पुढे मेक्सिकोतील लोकांनी ते माणसाळविले. तेथील नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरूनच आपला 'टोमॅटो' आला. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकले आणि तेथील सोन्यारुप्याबरोबर हे बीही युरोपात नेले. १५४४ साली मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने या फळाचे वर्णन ग्रंथात केले. इटलीत त्यास पुढे 'सोन्याचे सफरचंद' असे नाव पडले. परंतु नाव सोन्याचे असले तरी ते खाण्यास लोक धजत नव्हते. धोत्रा व बेलाडोना या विषारी वनस्पती त्याच्याच कुळातील आहेत, आणि पानांचा उग्र वास त्या नात्याची साक्ष देतो. उत्तर युरोपात तर कित्येक पिढ्या हे झाड केवळ शोभेसाठी लावले जाई.

१७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडिताने वनस्पतींची नामावली सिद्ध केली, तेव्हा टोमॅटोस त्याने वांग्याच्याच प्रजातीत बसविले आणि 'लांडग्याचे पीच' अशा अर्थाचे उपनाव दिले. १७६८ साली मिलर या इंग्रज माळ्याने टोमॅटोची वेगळी प्रजाती मांडली व ती पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्म आनुवंशिक परीक्षणे झाली आणि शास्त्रज्ञांनी टोमॅटो पुनः वांग्याच्या घरी आणून सोडला.

आता आपल्याकडील नावे पाहा. उत्तरेत त्यास 'विलायती बैंगन' म्हणत, आणि जुन्या मराठीत 'वेलवांगे' म्हणत. ज्या बाईने पहिल्या प्रथम हे रोप पाहून त्यास वेलवांगे म्हटले असेल, तिने लिनियसचे नावही ऐकलेले नसणार. तिने पान चुरगळून वास घेतला असेल, फुलाची ठेवण पाहिली असेल, आणि 'हे वांग्याचेच भावंड आहे' असा निवाडा दिला असेल. जो निवाडा पंडितांनी दोनदा फिरविला, तो परसातील बाईने एकदाच दिला आणि तो खरा ठरला. खेड्यांतून 'भेदरे', 'टंबाटे' हीही नावे ऐकू येतात. टोमॅटो हा शब्द मात्र बाजाराबरोबर आला.

मिरची, बटाटा, काजू, अननस ही अमेरिकेची मंडळी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागली. त्यांपैकी मिरचीने तर थोड्याच काळात देश पादाक्रांत केला. टोमॅटोची चाल मात्र मंद. सर जॉर्ज वॅट यांचा हिंदुस्थानातील उपयुक्त उत्पन्नांचा मोठा कोश १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यातील नोंदीचा आशय असा की, टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपियन लोकांसाठी होते, एतद्देशीयांस त्याची गोडी आता कोठे लागत आहे, आणि बंगाली व ब्रह्मी लोक आंबट कालवणात त्याचा उपयोग करतात. म्हणजे मिरचीवाचून ज्या स्वयंपाकाची आपण कल्पनाही करू शकत नाही, त्याच स्वयंपाकात टोमॅटो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जवळजवळ परकाच होता.

असे का व्हावे? तिखटाची जागा भरण्यास आपल्याकडे मिऱ्यांखेरीज फारसे काही नव्हते, आणि मिरे महाग होते. आंबटाची जागा मात्र भरलेली होती. कोकणात आमसूल, देशावर चिंच, उन्हाळ्यात कैरी, घरोघर ताक, आणि आमच्या मराठवाड्यात अंबाडी! चिंचेचे झाड एकदा लावले की तीन पिढ्यांस पुरते व त्यास पाणी घालावे लागत नाही. मग ज्याला रोज पाणी हवे, अशा नाजूक पाहुण्याची गरज कोणाला होती? त्यातून धर्मशीलांचा संकोचही आड आला. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो व बटाटा चालत नाहीत. आपल्याकडेही अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात टोमॅटो वर्ज्य मानतात. पितरांनी जे खाल्ले नाही ते पितरांस वाढावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा नियमही एका परीने इतिहासाची नोंदवहीच होय.

तरीही तो आला आणि राहिला. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, धारूर यांसारख्या गावांत जुन्या घरामागे परस असे. न्हाणीचे पाणी एका चराने तेथे जाई. त्या चराकाठी आळू, केळ, कढीपत्ता, एखादे लिंबाचे झाड आणि दोन-चार वांगी अशी मांडणी ठरलेली. वांग्यांच्या ओळीत वेलवांग्यास जागा मिळण्यास फारशी अडचण पडली नाही. विहिरीतून ओढलेल्या किंवा डोक्यावरून आणलेल्या पाण्याचा हा दुसरा उपयोग. अंग धुऊन झाले, भांडी घासून झाली, की उरले ते झाडाचे. आमच्या भागात पाणी एकदाच वापरणे ही उधळपट्टी समजली जाई.

बीडचा इतिहास हा मुळात पाण्याचाच इतिहास आहे. येथे सरासरीने वर्षाकाठी ६५० ते ७०० मिलिमीटरांच्या सुमारास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. शहराजवळची खजाना विहीर १५८२ च्या सुमारास, मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत सलाबतखानाने बांधविली. जमिनीखालील नळांनी तिचे पाणी बागायतीस पोहोचविले जाई. एवढी मोठी योजना राजदरबारच करू जाणे. परंतु तोच विचार, म्हणजे पाण्यास उतार दाखवून ते मुळापर्यंत नेणे, प्रत्येक गृहिणी घरामागच्या वीतभर चरात करीत होती. खजाना विहिरीस बांधणाऱ्याचे नाव आहे. त्या चरांस कोणाचेच नाव नाही.

या झाडाची खरी परीक्षा होते ती चैत्र-वैशाखात. दिवसाचा पारा ४० अंशांवर चढतो, भिंती रात्रीही उष्ण राहतात, आणि मग दुपार कलताना बालाघाटाकडून धुळीचा लोट उठून वळवाचा तडाखा येतो. अशा वेळी झाड हिरवेगार दिसते, फुलेही येतात, पण फळ धरत नाही. पुष्कळांस वाटते की पाणी कमी पडले, म्हणून ते आणखी पाणी ओततात. कारण मात्र निराळे आहे. दिवसाची उष्णता ३५ अंशांपलीकडे गेली, किंवा रात्र २१ ते २४ अंशांच्या खाली उतरेनाशी झाली, की परागकण निर्जीव होतात व फूल देठाशी गळून पडते. जी फळे आधी धरलेली असतात तीही ३० अंशांपुढे नीट तांबडी होत नाहीत, पिवळी-नारिंगी राहतात, कारण तांबडा रंग त्या उष्म्यात तयारच होत नाही. आणि कोरड्या मातीवर एकाएकी वळीव कोसळला की आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगून फळ तडकते.

जुन्या बायकांस परागकण ठाऊक नव्हते, पण काळ-वेळ ठाऊक होती. त्या संक्रांतीच्या सुमारास रोप लावीत, म्हणजे होळीच्या आत फळ धरे आणि वैशाख तापण्यापूर्वी बरेचसे उतरे. रोपाची जागा भिंतीच्या पूर्वेस, म्हणजे दुपारनंतर सावली मिळावी. बुडाशी ज्वारीचे सरमाड पसरावे, त्याने ओल टिकते आणि पावसाचा चिखल पानांवर उडून करपा पडत नाही. आधारास तुराट्या बांधाव्यात, आणि ऊन फारच झाले तर वरून जुने लुगडे ताणावे. पाणी रोज सकाळी, तेही बेताचे व सारखे. आज तीन घागरी आणि मग चार दिवस काही नाही, असे केल्यास फळाचे बूड काळे पडते, कारण मुळांना चुन्याचा अंश घेता येत नाही. ढग दाटले की पाडाला आलेली फळे तोडून घरात टोपलीत ठेवावीत. ती सावलीतच अधिक चांगली पिकतात. आणि वैशाखात फूल गळाले म्हणून झाड उपटू नये. मूळ जिवंत राखावे, वाळल्या फांद्या छाटाव्यात. मृगाचा पाऊस पडून रात्री गार झाल्या की तेच झाड पुनः फुलते.

अर्थात असेही उन्हाळे आले की ज्यांपुढे कोणतीच युक्ती चालली नाही. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. त्या वर्षी आमच्या परसात काही हिरवे राहिले नाही, कारण न्हाणीतून चरात जाण्याइतके पाणीच घरात येत नव्हते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्याची उभी पिके झोडपून काढली. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा वेळी परसातील एक झाड जगले काय आणि मेले काय, असे कोणी म्हणेल. परंतु घरात पाणी किती आहे हे सर्वांत आधी त्या झाडास कळते.

२०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोचा भाव अनेक शहरांत शंभर रुपये किलोच्या पुढे गेला, काही ठिकाणी दोनशेच्याही पुढे. सरकारला तो सवलतीने विकावा लागला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांवर तो फेकून देण्याची पाळी आली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या फळावाचून कोणाचे काही अडत नव्हते, त्याच्या भावावरून आज संसाराचा हिशेब चुकतो. चिंच आणि अंबाडी मात्र कोपऱ्यात पडून आहेत.

आता नवी घरे मागच्या भिंतीपर्यंत फरशी घालून बांधली जातात. न्हाणीचे पाणी बंद नळीने गटारात जाते. बी पाकिटातून येते. संकरित वाणाचे पीक भरघोस असते, बंगळूरच्या संशोधकांनी काढलेल्या 'अर्का रक्षक'सारखे वाण तर तीन रोगांस तोंड देतात. ही विद्या मोठीच आहे. परंतु संकरित फळाचे बी ठेवून पुढल्या वर्षी तसेच झाड येत नाही. पूर्वी उत्तम फळ पिकू देऊन, त्याचा गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवीत व राखेत घोळून चिंधीत बांधून ठेवीत. ज्या झाडाने वैशाख सोसला त्याचेच बी राखले जाई. अशा पंचवीस-तीस निवडींनंतर ते बी या मातीचे होई. विद्यापीठातील संशोधक जे प्रयोगक्षेत्रात करतात, तेच काम चिंधीच्या त्या गाठीत होत असे.

आमच्या बालाघाटाच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचेही मूळ अमेरिकेतच दाखवितात. तेव्हा परका कोण आणि घरचा कोण, हे जन्मभूमीवरून ठरत नाही. ज्याने येथील उन्हाळा काढला तो घरचा. वेलवांग्याने तो काढला, कारण कोणीतरी आपल्या वाट्याच्या पाण्यातून त्याला पाणी दिले. उन्हाळे अधिक कडक होत चालले असताना ज्यांच्या घरामागे चार हात माती उरली आहे, त्यांनी न्हाणीचा चर बुजवू नये आणि यंदाच्या उन्हाळ्यात तगलेल्या एका तरी देशी झाडाचे बी राखून ठेवावे.