बोनापार्टची माघार आणि केंटकीचा फिडलवादक

१६ ऑक्टोबर १९४२. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये ‘रोडिओ’ हा बॅले प्रथमच सादर झाला. नृत्यरचना ॲग्नेस डी मिल यांची, संगीत ॲरन कोपलंड यांचे. त्यातील अखेरचा ‘हो-डाउन’ हा भाग पुढे अमेरिकन ग्रामजीवनाची जणू ओळखच बनला. त्याची मुख्य धून मात्र कोपलंड यांची नव्हती. पाच वर्षांपूर्वी केंटकीच्या डोंगराळ भागात एका माणसाने ती फिडलवर वाजवली होती, आणि जवळजवळ जशीच्या तशी ती वाद्यवृंदात उतरली होती.

(फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत निराळी.)

धुनीचे नाव ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, अर्थात बोनापार्टची माघार. अ‍ॅपलेशियन डोंगरांत नेपोलियन कोठून आला? इंग्लंडच्या या शत्रूविषयी आयर्लंडमध्ये मोठे आकर्षण होते. १७९८ च्या उठावात फ्रेंच सैन्य आयरिश बंडखोरांच्या मदतीला उतरले होते. त्यामुळे पुढे नेपोलियनकडेही अनेकांनी आशेने पाहिले. त्याच्यावर गीते झाली, धुनींना त्याचे नाव मिळाले. स्थलांतरितांबरोबर हा ठेवा अटलांटिकपार गेला. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’चे नाते काही अभ्यासकांनी ‘द ईगल्स व्हिसल’ या आयरिश धुनीशी जोडले आहे. माघार मॉस्कोची की वॉटर्लूची, हे धुनीचे नाव सांगत नाही. अशा नावांवरून इतिहास सिद्ध करू पाहणे धोक्याचेच.

दक्षिणेतील बहुतेक वादक ही धून संथ गतीने वाजवत. पराभूत सैन्य परतत आहे, दुरून बॅगपाइप ऐकू येत आहेत, असे ते शब्दांविना रंगवलेले चित्र असे. त्यासाठी तारा वेगळ्या लावल्या जात. व्हायोलिनच्या चार तारा एरवी जी, डी, ए, ई या स्वरांत असतात. इथे सर्वांत जाड तार उतरवून डी केली जाई आणि सर्वांत बारीक तारही डीवर आणली जाई. परिणामी एकच स्वर तीन तारांवर घुमत राही. तानपुऱ्याचा षड्ज ज्यांच्या कानांत आहे, त्यांना त्याची कल्पना सहज येईल.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत ध्वनिमुद्रित करत केंटकीत फिरत होते. सॅलियर्सव्हिल येथे त्यांनी विल्यम हॅमिल्टन स्टेप यांचे वादन तबकडीवर घेतले. १८७५ मध्ये जन्मलेले स्टेप तेव्हा साठी ओलांडलेले होते. तारा त्यांनी जुन्या रीतीने लावल्या, पण गती पार बदलली. त्यांच्या हातात माघारीची ती संथ चाल भरधाव नाचाची धून झाली होती.

या कथेतील तिसरी व्यक्ती सहसा विसरली जाते. रूथ क्रॉफर्ड सीगर या स्वतः आधुनिकतावादी संगीतकार. लोमॅक्स पिता-पुत्रांच्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या १९४१ च्या ग्रंथासाठी त्यांनी तबकड्या पुनःपुन्हा ऐकून स्वरलेखन केले. त्यामागची भूमिका मांडणारा त्यांचा विस्तृत निबंध त्या ग्रंथात समाविष्ट झाला नाही. तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला २००१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर जवळपास अर्धशतकाने. कोपलंड यांच्या हाती आले ते त्यांनीच केलेले स्टेप यांच्या वादनाचे स्वरलेखन.

धून पारंपरिक होती, हे खरेच. पण कोपलंड यांनी परंपरेतून उचलली ती ‘कोणाचीही नसलेली’ चाल नव्हती. ती गती, ती वळणे एका विशिष्ट वादकाची होती. ‘पारंपरिक’ या एका शब्दाआड असे किती हात झाकले जातात! १९७२ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या रॉक बँडने ‘हो-डाउन’ वाजवले. १९९० च्या दशकात गोमांसाच्या अमेरिकन जाहिरातींतून ते घरोघरी पोहोचले. श्रोत्यांच्या लेखी धून कोपलंड यांची झाली होती.

स्टेप १९५७ मध्ये वारले. त्यांच्या १९३७ च्या ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान मिळाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले.

दोन्ही वादने लागोपाठ ऐकावीत. ‘हो-डाउन’च्या आरंभी फिडलवादक तारा जुळवत असल्याचा भास कोपलंड यांनी मोठ्या खुबीने उभा केला आहे. मात्र वाद्यवृंदातील व्हायोलिनच्या तारा नेहमीच्याच स्वरांत असतात. डीपर्यंत उतरवलेली ती जाड तार फक्त सॅलियर्सव्हिलच्या तबकडीवर घुमते.