न ऐकणारा जोडीदार : रांदोरीची कुळकथा

स्वसंरक्षणाच्या वर्गांची जाहिरात बहुधा घातक डावांच्या भरवशावर चालते. डोळ्यांत बोटे, कंठावर फटका, मनगटाला असा पीळ की हल्लेखोर जागीच लोळला पाहिजे. डाव जितका भयंकर, तितका तो संकटात कामाचा, ही त्यामागची समजूत. ती आजची नाही. जगातल्या बहुतेक युद्धविद्यांत ती कधी ना कधी रुजलेली दिसते. टोकियोत १८८२ साली विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका तरुणाने मात्र नेमकी उलटी वाट धरली. जिगोरो कानो हे त्याचे नाव. रोजच्या झुंजीतून त्याने घातक डाव बाजूला काढले, आणि जे उरले ते अंगातले सगळे बळ लावून, विरोध करणाऱ्या जोडीदारावर दररोज करायला लावले. या सरावाला रांदोरी म्हणतात. तिची कुळकथा नीट पाहिली, तर आजच्या स्वसंरक्षणाच्या शिक्षणाला लावता येईल अशी एक कसोटी हाती येते. संकटात उपयोगी पडतो तो सर्वांत घातक डाव नव्हे. तो ज्याला पडू द्यायचे नाही, अशा माणसावर शेकडो वेळा करून पाहिलेला डाव.

रांदोरीचे महत्त्व समजण्यासाठी आधी तिचा विरुद्ध पक्ष समजून घ्यायला हवा, आणि तोही आदराने. तोकुगावा शोगुनांची राजवट १६०३ मध्ये सुरू झाली आणि जपानात अडीच शतकांहून अधिक काळ मोठे युद्ध जवळजवळ झाले नाही. रणांगण मिटले, पण सामुराईंच्या विद्या मिटल्या नाहीत. त्या घराण्याघराण्यांत, गुरुशिष्यपरंपरेत जपल्या गेल्या. जपण्याचे साधन होते काता, म्हणजे आधी ठरवलेल्या हालचालींची जोडी. एकाने अमुक बाजूने यायचे, दुसऱ्याने तमुक उत्तर द्यायचे. सांधा निखळवणारा डाव जोडीदाराला जायबंदी न करता शिकवायचा, तर दुसरा मार्ग तरी कोणता होता? पुस्तकात पकडता न येणारे ज्ञान कात्यामुळे टिकले, हे मान्यच केले पाहिजे. त्याची मर्यादाही त्याच्या रचनेतच होती. कात्यात समोरचा माणूस पडायला तयार असतो. काय येणार हे ठाऊक असते, कधी येणार हेही ठाऊक असते. अशा सरावाची वर्षे वाढतात तसा आत्मविश्वासही वाढतो. पण तो आत्मविश्वास खरा की खोटा, हे तपासण्याची सोय त्या सरावात नसते.

ही अडचण कानोच्या आधीही काहींनी ओळखली होती. अठराव्या शतकात जपानी तलवारबाजांच्या काही घराण्यांनी लाकडी तलवारीऐवजी बांबूच्या पट्ट्यांची तलवार आणि डोके, छाती व हात झाकणारे कवच सरावात आणले. त्यामुळे वार मनापासून करता येऊ लागला. आजचा केंदो त्यातूनच वाढला. त्याच शतकात लंडनमध्ये जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने १७४३ साली मुष्टियुद्धाचे नियम लिहिले आणि १७४७ मध्ये आपल्या शिष्यांच्या सरावासाठी गादीदार हातमोजे आणले. महाराष्ट्राच्या तालमींनी हाच प्रश्न मातीने सोडवला. कुस्तीत ठोसा नाही, बोटे मोडणे नाही, डोळ्याला हात नाही. म्हणूनच पैलवान रोज पहाटे पूर्ण ताकदीने लढत करू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात उतरू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या या लोकांना एकच गोष्ट उमगली होती. सराव खरा करायचा असेल तर इजा कमी झाली पाहिजे, आणि इजा कमी झाली तरच जोर पूर्ण लावता येतो.

कानोचा जन्म १८६० सालचा, कोबेजवळच्या मिकागे गावचा. घराणे साके गाळणाऱ्यांचे. अंगाने किरकोळ असल्यामुळे शाळेत दांडगी मुले त्याला छळत, म्हणून त्याला जुजुत्सू, म्हणजे सामुराईंची जवळजवळ निःशस्त्र झुंजीची विद्या, शिकायची ओढ लागली. पण काळ प्रतिकूल होता. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर जुन्या विद्या मागासलेपणाच्या खुणा ठरल्या होत्या, १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्याचीही बंदी झाली, आणि जुजुत्सूच्या गुरूंना शिष्य मिळेनासे झाले. कानोला १८७७ मध्ये तेन्जिन शिन्यो-ऱ्यू परंपरेतले फुकुदा हाचिनोसुके भेटले. ते काताइतकाच, किंबहुना अधिकच, मोकळ्या झुंजीवर भर देणारे होते. १८७९ मध्ये ते वारले. मग त्याच परंपरेतले इसो मासातोमो आणि त्यांच्यानंतर कितो-ऱ्यूचे इइकुबो त्सुनेतोशी हे त्याचे गुरू झाले. रांदोरी कानोने शोधली नाही. ती या गुरूंकडे होतीच. पण तिथे ती काताच्या सोबतीला असे. तिला अभ्यासक्रमाचा कणा करणे आणि बाकी सगळे तिच्याभोवती रचणे हे कानोचे काम.

१८८२ मध्ये एइशोजी या बौद्ध मंदिरात १२ तातामी चटयांच्या जागेत त्याने कोदोकान ही जुदो या आपल्या नव्या विद्येची शाळा सुरू केली, तेव्हा शिष्य जेमतेम नऊ होते. तिथे कालांतराने झालेली निवड पाहण्यासारखी आहे. ठोसे, लाथा, मर्मावरचे आघात आणि शस्त्राविरुद्धचे डाव काताकडे गेले. रांदोरीत फेकणे, जमिनीवर दाबून धरणे, गळा आवळणे आणि सांध्याला कुलूप घालणे एवढेच उरले. सांध्यांपैकीही पुढे फक्त कोपराची परवानगी राहिली, कारण गुडघा किंवा मनगट सावध होण्याआधीच दुखावते. डाव लागला की हाताने थाप मारून हार मानायची मुभा होती. पडायचे कसे, म्हणजे उकेमी, हे पहिल्या दिवसापासून शिकवले गेले. हे शिक्षण वरवर किरकोळ वाटते, पण सगळी पद्धत त्यावर उभी आहे. पडण्याची भीती गेल्याशिवाय कोणी मोकळेपणाने झुंजत नाही. शिवाय रस्त्यावर हल्लेखोरापेक्षा घसरून पडण्याचाच प्रसंग अनेकदा येतो, तेव्हा उकेमी इतर सगळ्या डावांच्या आधी कामी येते. रांदोरीने ज्ञानही घडवले. इइकुबोंशी झुंजतानाच कानोला उमगले की फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडावा लागतो. कुझुशी नावाचे हे तत्त्व पुढे जुदोचा पाया ठरले. ते हाती आले ते विरोध करणाऱ्या गुरूच्या अंगावर प्रयोग करताना.

१८८० च्या दशकात टोकियो पोलिसांच्या स्पर्धांत कोदोकानच्या मुलांनी जुन्या परंपरांतल्या योद्ध्यांना हरवले आणि या पद्धतीचा बोलबाला झाला. त्या विजयांच्या कथा पुढे बऱ्याच फुगल्या, आणि यावर एक आक्षेपही घेतला जातो: साइगो शिरो किंवा योकोयामा साकुजिरो यांच्यासारखे कोदोकानचे गाजलेले मल्ल आधी जुन्या जुजुत्सूतच तयार झाले होते, मग श्रेय कानोला कसे? पण नीट पाहिले तर हा आक्षेप कानोच्या बाजूचा पुरावा ठरतो. डाव दोन्ही बाजूंना पुष्कळसे तेच होते, काहींचे गुरूही त्याच परंपरेतले. फरक उरतो तो सरावाच्या रीतीचा.

शरीराच्या तंदुरुस्तीचा प्रश्नही इथेच सुटतो. १८८९ मध्ये शिक्षणतज्ज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानात कानोने जुदोचे तीन हेतू सांगितले: व्यायाम, झुंज आणि चारित्र्य. आज बहुतेक ठिकाणी तंदुरुस्ती एका वर्गात आणि डाव दुसऱ्या वर्गात, अशी वाटणी असते. रांदोरीत ती शक्यच नाही. दुसऱ्याचे वजन पेलत, ओढाताणीत श्वास सांभाळत, थकल्यावरही निर्णय घेत दोन-तीन मिनिटे काढणे हा व्यायामही आहे आणि डावाची परीक्षाही. खऱ्या हल्ल्यात माणूस सर्वांत आधी दमाने हरतो. तंत्र आठवते, पण हात उठत नाही. जोर-बैठकांनी बळ येते, तरी पकडीत सापडल्यावर येणारा दम वेगळा असतो आणि तो पकडीतच कमवावा लागतो. आपल्या तालमीत मेहनत आणि लढत एकाच छपराखाली असतात, त्यामागचे शहाणपण हेच.

रांदोरी पुढे फार दूर गेली. कोदोकानचा मित्सुयो मायेदा १९०४ मध्ये अमेरिकेकडे निघाला, अनेक देशांत झुंजला आणि शेवटी ब्राझीलमध्ये स्थिरावला. त्याच्या शिकवणीचा धागा तिथल्या ग्रेसी या झुंजणाऱ्यांच्या कुटुंबापर्यंत पोचला. १९९३ साली डेन्व्हरमध्ये डोळ्यांत बोटे घालणे आणि चावणे सोडता जवळजवळ नियम नसलेली स्पर्धा झाली, तेव्हा तुलनेने सडपातळ रॉयस ग्रेसीने एकाच संध्याकाळी तीन प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर आणून हार मानायला लावली. आपल्याकडेही हा धागा लवकर आला. रवींद्रनाथांनी बोलावलेले शिन्झो ताकागाकी १९२९ पासून शांतिनिकेतनात मुलामुलींना जुदो शिकवत होते. रांदोरीचा प्रामाणिकपणा तिच्या मालकांनाही झोंबला. लहान माणूस मोठ्याला सहज लोळवतो, हा जुदोचा आवडता दावा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुमारे दोन मीटर उंचीच्या डच अँटन गेसिंकने खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानच्या कामिनागाला त्याच्याच देशात दाबून धरले. कौशल्य बळाची दरी कमी करते, पण ती मिटवत नाही. स्वसंरक्षण शिकणाऱ्याला हे आधीच कळणे त्याच्या जिवासाठी हिताचे असते, आणि ते जोडीदार राजी असलेल्या सरावात कधीच कळत नाही.

आता मुख्य आक्षेप. रस्त्यावर पंच नसतो, चटई नसते, समोर एकाऐवजी तिघे असू शकतात, हातात सुरी असू शकते. मग नियमांतली झुंज काय कामाची? आक्षेप वजनदार आहे. खेळाचे नियम सवयी घडवतात, आणि त्या नेहमी चांगल्याच असतात असे नाही. २०१० पासून स्पर्धेच्या जुदोत पायांना थेट हात घालण्यावर निर्बंध आले आणि तो डाव स्पर्धकांच्या सरावातूनही मागे पडला. ठोशाची सवयच नसेल तर पहिला ठोसा जुदोवाल्यालाही गोंधळवतो. कानोला हे दिसत होते. म्हणून त्याने आघातांचे काता टिकवले, १९२२ मध्ये ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशींना कोदोकानमध्ये कराटेचे प्रात्यक्षिक करायला बोलावले, आणि १९३० मध्ये ऐकिदोचे जनक उएशिबा यांची विद्या पाहून आपले काही शिष्य त्यांच्याकडे धाडले. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. ब्रातिस्लाव्हात १९३० च्या दशकात ज्यू वस्तीवरच्या हल्ल्यांना तोंड देताना इमी लिख्टेनफेल्डला खेळ आणि रस्ता यांतला फरक कळला आणि पुढे त्यातून क्राव्ह मगा ही स्वसंरक्षणाची पद्धत उभी राहिली. तो स्वतः मात्र नावाजलेला कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धा होता. शांघायच्या पोलिसांना झटापट शिकवणाऱ्या विल्यम फेअरबेर्नकडे कोदोकानचा काळा पट्टा होता. रस्त्यासाठी डाव निवडण्याचा अधिकार त्यांना वर्षानुवर्षांच्या खऱ्या झुंजीने दिला. त्यांचे निवडक डाव घ्यायचे आणि त्यांच्यामागची झुंज वगळायची, ही चूक पुढच्यांनी केली.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. वर्षानुवर्षे झुंजायला कोणाला वेळ आहे, आणि ज्यांना गरज सर्वाधिक त्या मुलींनी काय करायचे? कोदोकानचा इतिहास इथे गौरवाचा नाही. स्त्रियांचा स्वतंत्र विभाग १९२६ मध्ये निघाला, पण त्यांना स्पर्धांपासून दूर ठेवून काताकडे वळवले गेले. गुरू फुकुदांची नात केइको फुकुदा कानोच्या बोलावण्यावरून तिथे आली, आयुष्यभर जुदो जगली, तरी तिच्या पिढीला जागतिक स्पर्धा लाभली नाही. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० ची. बाईने शोभेचे शिकावे आणि पुरुषाने झुंजावे, ही वाटणी आजही आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या एक-दोन दिवसांच्या शिबिरांत शिल्लक आहे. थोडा वेळ मात्र निरुपयोगी नसतो. कॅनडाच्या तीन विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तीन-तीन तासांची चार सत्रे मिळालेल्या गटात वर्षभरातले बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के, तर ती न मिळालेल्या गटात ९.८ टक्के असल्याचे त्यात दिसले. त्या सत्रांत झटापटीचे तंत्र थोडेच होते. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणे, त्याला ठाम शब्दांत नकार देणे आणि गरज पडल्यास अंगाने प्रतिकार करणे यांवर भर होता. मन वळवू पाहणाऱ्या माणसासमोर नकारावर टिकून राहणे हीसुद्धा सरावाने येणारी गोष्ट आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून जाड कवच घातलेल्या शिक्षकावर स्त्रियांना सगळ्या ताकदीने प्रहार करू देणारे वर्ग निघाले, ते केंदोच्या कवचाचे आणि ब्रॉटनच्या हातमोज्यांचे थेट भाईबंद आहेत. वेळ थोडा असेल तर डाव कमी करावेत. विरोध कमी करू नये.

म्हणून मुलाला किंवा मुलीला एखाद्या वर्गात घालण्यापूर्वी पालकांनी डावांची यादी, पट्ट्यांचे रंग आणि भिंतीवरची पदके यांपेक्षा एक गोष्ट बघावी: आठवड्यातून किती वेळ मुले अशा जोडीदाराशी झुंजतात, जो पडायला तयार नाही? त्या झुंजीत इजा होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे, आणि पडायला आधी शिकवले जाते का? मग तिथे जुदो असो, कुस्ती असो, मुष्टियुद्ध असो की कबड्डी, विद्येचे नाव दुय्यम आहे. आणि ज्या वर्गात प्रत्येक डाव प्रत्येक वेळी लागतो, तिथून मुलांना काढून घ्यावे. तिथे मिळणारा धीर घेऊन जे मूल धोक्याला सामोरे जाईल, ते काहीच न शिकलेल्या मुलापेक्षा अधिक संकटात असेल, कारण काहीच न शिकलेले मूल निदान वेळेवर पळून जाईल.