खरखरीत थराची गोष्ट

आजोबांच्या कॅल्क्युलेटरवर डिस्प्लेच्या वर एक तपकिरी पट्टी आहे. इंजिनिअरिंगला आम्ही सोलर सेलचं समीकरण पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि सगळे सॉफ्टवेअरला लागलो. एवढ्याशा पातळ पट्टीत प्रकाश अडकतो कसा, हा प्रश्न मला पडला तो थेट नोकरी लागल्यावर.

ती पट्टी अमॉर्फस सिलिकॉनची, म्हणजे ज्यातले अणू स्फटिकासारखे शिस्तीत बसलेले नाहीत अशा सिलिकॉनची. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर रॉन्स्की यांनी त्याचा सेल जाहीर केला. कार्यक्षमता २.४ टक्के. पुढच्याच वर्षी कळलं की हा पदार्थ प्रकाशात ठेवला की बिघडत जातो. (सोलर सेललाच उन्हाचं वावडं!) थर पातळ असला तर हे नुकसान सोसवतं, कारण विद्युतभाराला कमी अंतर कापावं लागतं. पण थर पातळ केला की लाल प्रकाश त्यात न थांबता आरपार जातो. विजेला थर पातळ हवा, प्रकाशाला जाड. भांडण इथे होतं.

तोडग्याचे तुकडे आधीच विखुरलेले होते. १९७४ मध्ये कॉमसॅट या उपग्रह कंपनीने स्फटिकी सिलिकॉनवर अल्कलीने सूक्ष्म पिरॅमिड कोरले. एका उतारावरून उडालेला प्रकाश शेजारच्या उतारावर आदळायचा, त्यामुळे सेल काळाकुट्ट दिसायचा. त्याच वर्षी आरसीएच्या डेव्हिड रेडफिल्ड यांनी सुचवलं, की पातळ थरातून प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवता येईल.

पण किती वेळा? उत्तर आलं १९८२ मध्ये, तेही एक्झॉन या तेल कंपनीतून. तिथल्या एली याब्लोनोविच यांचा हिशोब असा: सिलिकॉनच्या आत प्रकाश पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण १७ अंशांहून जास्त तिरका आला, तर तो बाहेर पडूच शकत नाही, परत आत वळतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सरळ आत आलेला किरण मागच्या आरशावर आपटून तसाच सरळ निघून जातो. खडबडीत असेल तर दिशा विस्कटते आणि बहुतेक किरण आतच घुटमळत राहतात. आदर्श परिस्थितीत प्रकाशाची वाट अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपट लांबते. सिलिकॉनसाठी सुमारे ५० पट! एका ओळीचं सूत्र, पण मी ते वाचून लॅपटॉप बंद करून बसलो होतो.

कागदावर ५० पट. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही जाणं कठीण. अमॉर्फस थर मायक्रॉनहूनही पातळ, त्यात स्फटिकाचे प्रतल नाहीत, मग पिरॅमिड कोरणार कुठे? म्हणून खडबडीतपणा दिला गेला तो काचेवरच्या पारदर्शक, वीजवाहक लेपाला. कुणी टिन ऑक्साइडचे कण टोकदार वाढवले. जर्मनीत युलिशच्या संशोधकांनी झिंक ऑक्साइड विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवून त्यावर खळगे पाडले. टोकं फार धारदार झाली की वरचा सिलिकॉनचा थर तिथे नीट जमत नाही, वीज गळते. म्हणजे आम्लात बुडवायचे सेकंद मोजण्यात लोकांची पीएचडी गेली.

पुढे स्फटिकी सिलिकॉन स्वस्त झालं आणि अमॉर्फस पॅनेल मागे पडले. आमच्या गच्चीवरच्या काळ्या पॅनेलमध्ये काचेखाली आहेत ते १९७४ च्या जातीचेच पिरॅमिड. आजोबांची पट्टी मात्र ट्यूबलाइटखाली अजून चालते. अधिकचं बटण तेवढं जोरात दाबावं लागतं.